तीन अंशांची वाट

संभाजीनगरला चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरायला आलेलं विमान जालना रोडवरून कधी नीट पाहा. चाकं बाहेर आलेली असतात, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली वळलेले असतात, आणि तरीही ते खाली येतंय असं काही केल्या वाटत नाही. त्याचं नाक तर चक्क थोडं वरच असतं. प्रवासी विमानं उतरताना बहुधा दोन-अडीच अंश नाक वर करूनच येतात, कारण कमी वेगात पंखांना पुरेशी उचल मिळायची तर त्यांना तसा कोन लागतो. म्हणजे तोंड वर आणि वाट खाली. आपला डोळा तोंडाकडे बघतो आणि फसतो.

ती वाट किती खाली जाते? जगभरच्या बहुतेक विमानतळांवर उतरण्याची ठरलेली वाट जमिनीशी ३ अंशांचा कोन करते. ३ अंश म्हणजे किती, हे कोनमापकावर पाहिलं तर जेमतेम एक चिरोटी. पण तोच कोन अंतराच्या भाषेत मांडला की चित्र पालटतं. १,००० मीटर पुढे गेल्यावर विमान सुमारे ५२ मीटर खाली आलेलं असतं. १९ मीटरला १ मीटर उतार.

आता कसाऱ्याचा घाट आठवा. मुंबईहून संभाजीनगरला येणारी गाडी कसाऱ्याला थांबते, तिला मागून रेटा द्यायला बँकर इंजिनं जोडतात, आणि मग ती बोगदे-पूल ओलांडत इगतपुरीला चढते. देशातल्या ब्रॉडगेजवरच्या सर्वांत अवघड चढांमध्ये त्याची गणना होते. त्याचा चढ आहे ३७ मीटरला १ मीटर. म्हणजे जे विमान आपल्याला आडवं सरकताना दिसतं, ते कसाऱ्याच्या घाटाच्या जवळजवळ दुप्पट उताराने खाली येत असतं. आणि गंमत इथेच संपत नाही. सरकारी कार्यालयाच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी जो रॅम्प बांधतात, त्याचा नियम आहे १२ला १. विमानाच्या वाटेपेक्षा तो अधिक तीव्र, आणि कसाऱ्याच्या तिप्पट!

या तिन्ही गोष्टी नुसत्या बघून कुणी चढत्या क्रमाने लावू शकेल असं मला वाटत नाही. घाट अंगावर येतो, रॅम्प किरकोळ वाटतो आणि विमान सपाट वाटतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली लोकांना टेकडीच्या पायथ्याशी उभं करून चढाचा अंदाज विचारला होता. ५ अंशांची टेकडी लोकांना सुमारे २० अंशांची वाटली. जमिनीवरचा चढ डोळा फुगवून सांगतो आणि आकाशातला उतार गिळून टाकतो. म्हणून चढ हा बघण्याचा विषय नाही, काढण्याचा आहे.

काढायचा कसा, ते दहावीच्या निर्देशक भूमितीत सगळेच शिकतात. रेषेवरचे दोन बिंदू घ्या. उंचीतला फरक काढा. आडव्या अंतरातला फरक काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. (य२ − य१) भागिले (क्ष२ − क्ष१), झाला रेषेचा चढ. सूत्र इतकं छोटं आहे की परीक्षेत दोन गुण मिळवून आपण ते विसरूनही जातो. पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती अजूनही मला थक्क करते. कोणते दोन बिंदू घ्यायचे, हे सूत्र सांगतच नाही. सांगायची गरजच नाही.

विमान जिथे टेकणार त्या जागेपासून ६,००० मीटरवर असताना त्या ठरलेल्या वाटेवर त्याची उंची ३१४ मीटर असायला हवी. २,००० मीटरवर असताना १०५ मीटर. उंचीतला फरक २०९, अंतरातला फरक ४,०००. भागाकार ०.०५२. आता हे दोन बिंदू सोडा आणि शेवटच्या टप्प्यातले घ्या, ५०० मीटर आणि ४०० मीटर. उंची २६.२ आणि २१. फरक ५.२, भागिले १००. पुन्हा ०.०५२. दोन बिंदू चार किलोमीटर लांब घ्या नाहीतर चार पावलं, सुरुवातीचे घ्या नाहीतर अखेरचे, उत्तर हलत नाही. वक्र रेषेला हे जमत नाही. सरळ रेषा सरळ आहे म्हणजे नेमकं काय, तर तिच्या कुठल्याही तुकड्याला विचारलं तरी ती एकच आकडा सांगते. रेषा अनंत लांब असते, तिच्यावर अनंत बिंदू असतात, आणि तरी तिचा कल सांगायला एक आकडा पुरतो.

असं का होतं याचं कारण समरूप त्रिकोणांत आहे. दोन बिंदूंमधला उभा फरक आणि आडवा फरक काटकोनात मांडला की रेषेखाली एक पायरी तयार होते. बिंदू लांब घेतले तर पायरी मोठी, जवळ घेतले तर लहान. पण प्रत्येक पायरीचे कोन तेच राहतात, म्हणून उभ्या-आडव्या बाजूंचं गुणोत्तरही तेच राहतं. चिन्हाचंही तसंच. विमान पुढे जाताना कापलेलं अंतर वाढतं आणि उंची घटते, म्हणून वर ऋण येतं, खाली धन येतं आणि चढ ऋण ठरतो, −०.०५२. बिंदूंचा क्रम उलटा केला तर वरचं आणि खालचं, दोन्ही चिन्हं उलटतात आणि भागाकार तिथेच राहतो. उजवीकडे जाताना खाली उतरणारी रेषा ऋण, वर चढणारी धन, सपाट रेषेचा चढ शून्य. सरळ उभ्या रेषेला मात्र चढच नाही, कारण तिथे आडवा फरक शून्य असतो आणि शून्याने भागता येत नाही.

हे गणित आपल्याकडे सूत्राच्या आधी दिव्याच्या रूपात आलं. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की डोंगराच्या कुशीत पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी ज्योतिषी असलेला त्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, असं तो लेख सांगतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५०च्या सुमाराच्या ग्रंथात, छायाव्यवहार नावाचं प्रकरण आहे. त्यातलं एक उदाहरण असं आहे. दिवा साडेतीन हात उंचीवर आहे. त्याच्या पायथ्यापासून तीन हातांवर १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी, रोवली आहे. तिची सावली किती पडेल?

२४ अंगुळांचा एक हात, तेव्हा शंकू अर्ध्या हाताचा. दिव्यापासून निघालेला किरण शंकूच्या टोकाला चाटून जमिनीवर टेकतो, तिथे सावली संपते. भास्कराचार्यांची रीत काय करायला सांगते? दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करायला. साडेतीन वजा अर्धा, तीन. हा उंचीतला फरक. आडवा फरकही तीन हात. म्हणजे किरणाचा चढ झाला एकास एक. तोच चढ शंकूच्या टोकापासून जमिनीपर्यंतच्या तुकड्यालाही लागू. मग अर्धा हात खाली यायला अर्धा हातच पुढे जावं लागणार. सावली १२ अंगुळं. त्यांनी हे त्रैराशिकाने मांडलं, निर्देशकांचे अक्ष तेव्हा नव्हते. युरोपात देकार्तचा भूमितीचा ग्रंथ यायला १६३७ साल उजाडलं. पण उंचीतला फरक आणि अंतर यांचं गुणोत्तर धरणं आणि रेषेच्या एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्याचं उत्तर काढणं, हा सगळा ऐवज त्या एका दिव्याच्या उदाहरणात आहे.

त्यातली वजाबाकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तीच चिकलठाण्याला येणाऱ्या वैमानिकालाही करावी लागते. इथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला उंचीमापक विमान इथे जमिनीवर उभं असतानाही १,९०० दाखवतो. तेव्हा ३०,००० फुटांवरून उतरायचं असेल तर हिशोब ३०,०००चा करायचा नाही, २८,१००चा करायचा. चढाला उंचीशी देणंघेणं नसतं, उंचीतल्या फरकाशी असतं. वैमानिकांचा एक साधा आडाखा आहे. हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. २८ हजारांसाठी ८४ मैल, म्हणजे सुमारे १५५ किलोमीटर. मुंबई ते चिकलठाणा हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. मोठ्या उंचीवरून येणारं विमान म्हणजे त्या अंतराच्या निम्म्याहून अधिक अंतर आधीच इंजिनांचा जोर कमी करून उतरणीला लागलेलं असतं. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट बघा. या सगळ्यात वेग कुठेच आला नाही. चढाच्या व्याख्येत घड्याळ नाही. विमान सावकाश येवो की जोरात, वाट तीच. पण त्या वाटेवर टिकायचं असेल तर वेगानुसार खाली येण्याची गती बदलावी लागते. ताशी १४० सागरी मैलांचा वेग असेल, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर, तर मिनिटाला सुमारे ७४० फूट उतरावं लागतं. वैमानिक वेगाच्या आकड्याला पाचाने गुणतात आणि ७०० फूट धरतात, जवळपास तेच. पाठून वारा आला, वेग वाढला, की उतरण्याचा दरही तेवढ्याच पटीने वाढवायचा. दोन आकडे बदलत राहतात, त्यांचं गुणोत्तर मात्र बदलू द्यायचं नाही.

हे दिवसा, स्वच्छ हवेत ठीक आहे. रात्री, खाली दिवे नसलेल्या अंधाऱ्या शिवारावरून येताना डोळ्याला उंचीचा काही थांगच लागत नाही. धावपट्टी स्वतः पुढे चढती असेल तर वैमानिकाला आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि तो नकळत खाली घसरतो. म्हणून धावपट्टीच्या कडेला, बहुधा डाव्या बाजूला, चार दिव्यांची एक आडवी ओळ असते. प्रिसिजन ॲप्रोच पाथ इंडिकेटर हे तिचं लांबलचक नाव. ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये १९७०च्या दशकात टोनी स्मिथ आणि डेव्हिड जॉन्सन यांनी ती घडवली. पुढे नासाच्या स्पेस शटललाही असेच दिवे वाट दाखवत, आणि शटलची वाट तर २० अंशांच्या आसपास, प्रवासी विमानाच्या सहा-सातपट तीव्र होती.

या दिव्यांची रचना जवळून बघण्यासारखी आहे. प्रत्येक दिवा म्हणजे एक पेटी. आत प्रखर दिवा, त्याच्या पुढे अर्धा भाग झाकणारी लाल काच, आणि त्यापुढे भिंग. भिंगातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वरचा अर्धा भाग पांढरा असतो, खालचा अर्धा लाल. मधली सीमा अतिशय रेखीव असावी लागते, ३ कलांच्या आत. एका अंशाच्या ६० कला असतात हे लक्षात घेतलं की यातली करामत कळते. पाच किलोमीटर दूर आकाशात लाल संपून पांढरा सुरू होण्याची ती पट्टी फक्त चार-साडेचार मीटर जाडीची असते. पेटी किंचित जरी हलली, पावसात तिच्याखालचा पाया खचला, तर ती सीमा आकाशात कितीतरी मीटर सरकेल. म्हणून या पेट्या भक्कम काँक्रीटवर बसवतात आणि त्यांचे कोन पुन्हा पुन्हा तपासतात.

चारही पेट्या वेगवेगळ्या कोनांत लावलेल्या असतात. ३ अंशांच्या वाटेसाठी सर्वांत बाहेरची २ अंश ३० कला, मग २ अंश ५० कला, मग ३ अंश १० कला आणि धावपट्टीला सर्वांत जवळची ३ अंश ३० कला. आता वैमानिक नेमका ३ अंशांच्या रेषेवर असेल तर काय दिसेल? बाहेरच्या दोन सीमा त्याच्या खाली गेल्या, म्हणून ते दोन दिवे पांढरे. आतल्या दोन सीमा त्याच्या वर राहिल्या, म्हणून ते दोन लाल. दोन पांढरे, दोन लाल, वाट बरोबर. तीन लाल दिसले तर किंचित खाली, चारही लाल तर धोका. चारही पांढरे म्हणजे फारच उंच.

इथे उंची कुणी मोजली नाही, अंतर कुणी मोजलं नाही, भागाकार कुणी केला नाही. तरी भागाकाराचं उत्तर वैमानिकाच्या डोळ्यापुढे रंगाच्या रूपात आलं. एक बिंदू कायमचा जमिनीवर ठरवून टाकला की आकाशातला प्रत्येक बिंदू त्याच्याशी जोडणाऱ्या रेषेला स्वतःचा एक चढ असतो, आणि दिव्याचा झोत तेवढंच सांगतो. भास्कराचार्यांच्या उदाहरणात दिवा वर होता आणि सावली जमिनीवर पडत होती. इथे दिवा जमिनीवर आहे आणि वाचणारा वर आहे, बाकी भूमिती तीच.

‘बरोबर’ या शब्दाला इथे किती जागा आहे तेही काढता येतं. दोन पांढरे आणि दोन लाल ही स्थिती २ अंश ५० कला ते ३ अंश १० कला एवढ्या २० कलांत टिकते. पाच किलोमीटरवर या २० कलांची उभी रुंदी होते सुमारे २९ मीटर. एक किलोमीटरवर ती सहा मीटरांच्याही आत येते. वाट जसजशी संपत येते तसतशी ती अरुंद होत जाते, तेही आपोआप, कुणी काही न बदलता.

धावपट्टीचा उंबरठा ओलांडताना विमानाची उंची साधारण ५० फूट असावी लागते. ५० भागिले ०.०५२४ केलं की ९५० फूट, म्हणजे सुमारे २९० मीटर येतात. म्हणूनच विमान धावपट्टीच्या टोकावर टेकत नाही. ते टेकवायचे जाड पांढरे पट्टे आणि हे चार दिवे टोकापासून ३००-४०० मीटर आत असतात. चिकलठाण्याची धावपट्टी ९,३०० फुटांची, म्हणजे सुमारे २,८३५ मीटरांची आहे. तिचा पहिला दहावा हिस्सा या चढानेच खाऊन टाकलेला असतो.

धावपट्टी स्वतःही सपाट नसते. आंतरराष्ट्रीय नियमाने एवढ्या मोठ्या धावपट्टीच्या दोन टोकांत लांबीच्या १ टक्क्यापर्यंत उंचीचा फरक चालतो. २,८३५ मीटरांना १ टक्का म्हणजे २८ मीटर, नऊ-दहा मजली इमारतीएवढा! आडव्या दिशेनेही पाणी निथळण्यासाठी मधून दोन्ही कडांकडे दीड टक्क्याच्या आसपास उतार ठेवतात. ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीचा मध्य त्यामुळे कडेपेक्षा सुमारे ३४ सेंटीमीटर उंच असतो.

खरी नवलाई मात्र धावपट्टीच्या बाहेर आहे. चिकलठाण्यात, मुकुंदवाडीत किंवा आसपास घर बांधायचं तर इमारतीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाची परवानगी का लागते? कारण विमानतळाभोवतीच्या हवेत न दिसणारी तिरपी पृष्ठं मानलेली असतात आणि कुठल्याही बांधकामाने ती भेदू नयेत असा नियम असतो. धावपट्टीच्या टोकापासून ६० मीटर पुढे असं एक पृष्ठ सुरू होतं, त्याचा चढ २ टक्के, म्हणजे ५०ला १. टोकापासून एक किलोमीटरवर ते जमिनीपासून जेमतेम १९ मीटर उंच असतं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना ७ला १ अशा तीव्र चढाची पृष्ठं. वर ४५ मीटरांवर काही किलोमीटर पसरलेलं सपाट छत. त्या छताच्या कडेपासून बाहेर २०ला १ या चढाने वर उघडत जाणारा शंकूसारखा भाग. ज्या गल्लीत आपण गच्चीवर पाण्याची टाकी ठेवतो, तिच्यावर किती मीटर मोकळी हवा राखून ठेवली आहे, ते चार-पाच चढांनी ठरवलेलं असतं.

या पृष्ठांची किंमत चिकलठाण्याने मोजली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं बोइंग ७३७ इथून मुंबईला निघालं. विमानात ११८ जण होते. धावपट्टीच्या जवळजवळ टोकाला ते जमीन सोडून उचललं गेलं. टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक जात होता. विमानाचं डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर त्या ट्रकला धडकला. पुढे तीनेक किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागून विमान कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली. चौकशी न्यायालयाने दोन कारणं दिली. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीने उचललं. आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही.

पहिल्या कारणातला ‘उशीर’ शब्द चढाच्या गणितात फार मोलाचा आहे. रेषेचं पूर्ण वर्णन करायला चढ पुरत नाही. य = म × क्ष + क, यातला ‘म’ म्हणजे चढ, आणि ‘क’ सांगतो की रेषा कुठे ठेवली आहे. तोच चढ असलेल्या अनंत समांतर रेषा काढता येतात. चढ तिला कसं जायचं ते सांगतो, कुठून जायचं ते सांगत नाही. समजा एखादं विमान सेकंदाला ८० मीटर वेगाने धावतंय आणि उचलल्यावर १० टक्क्यांनी चढणार आहे. हे आकडे त्या विमानाचे नव्हेत, हिशोबासाठी घेतलेले आहेत. नाक उचलायला एक सेकंद उशीर झाला की सगळी रेषा ८० मीटर पुढे सरकते. चढ तसूभरही बदललेला नसतो. पण पुढच्या प्रत्येक जागी विमान आधीच्या रेषेपेक्षा ८ मीटर खाली असतं. दोन मीटरांची उंची हवी असेल तर तो पाव सेकंदाचा प्रश्न असतो. खरी वाट सुरुवातीला वक्र असते, त्यामुळे खरा हिशोब याहून किचकट होतो.

दुसरं कारणही त्या २ टक्क्यांच्या पृष्ठावरून तपासता येतं. भरलेल्या ट्रकची उंची ४ मीटर धरू. ५०ला १ चढणारं पृष्ठ ४ मीटर उंच व्हायला २०० मीटर लागतात, त्यात सुरुवातीचे ६० मिळवा. म्हणजे जमीन सपाट असेल तर धावपट्टीच्या टोकापासून २६० मीटरांच्या आत वाहता रस्ता असताच कामा नये, असला तर विमान निघण्याच्या वेळी तो बंद हवा. हा भागाकार दहावीतला मुलगा करील. तो कागदावर करणं आणि रस्त्यावर फाटक घालून पाळणं, यांच्यामध्ये त्या दिवशी ५५ जीव गेले. गणित इथे अवघड नव्हतं, म्हणूनच ती घटना वाचताना जीव तुटतो.

वक्र वाटेचा उल्लेख आला, तेव्हा उतरणाऱ्या विमानाचे शेवटचे काही सेकंदही बघितले पाहिजेत. मिनिटाला ७४० फूट म्हणजे सेकंदाला १२ फुटांहून थोडं जास्त. प्रवासी विमानाच्या चाकांचे दांडे ज्या आघातासाठी घडवतात, ती प्रमाणित मर्यादा आहे सेकंदाला १० फूट. म्हणजे दुरून इतक्या निष्ठेने धरलेली ही रेषा शेवटपर्यंत धरली, तर विमान आपल्या क्षमतेबाहेरच्या जोराने आपटेल. म्हणून जमीन २०-३० फुटांवर आली की वैमानिक नाक आणखी थोडं उचलतो आणि सरळ रेषा सोडून देतो. याला फ्लेअर म्हणतात. पुढच्या काही सेकंदांत चढ −०.०५२ वरून सरकत सरकत शून्याच्या जवळ येतो. पूर्ण शून्य होऊन चालत नाही, नाहीतर विमान टेकतच नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं आणि पुढची मोलाची लांबी संपवून बसतं.

आणि इथे आपलं दोन बिंदूंचं सूत्र अडखळतं. वक्रावर कुठलेही दोन बिंदू घेऊन चालत नाही, प्रत्येक जोडी वेगळं उत्तर देते. चाक टेकलं त्या क्षणी चढ किती होता, हा प्रश्न एकाच बिंदूचा आहे, आणि एकाच बिंदूत दोन्ही फरक शून्य होतात. शून्य भागिले शून्य. वाट एकच उरते. दुसरा बिंदू पहिल्याच्या जवळ आणत राहायचं, आणखी जवळ, आणि भागाकार कुठल्या आकड्याकडे झुकतोय ते पाहायचं. ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांची गती काढताना भास्कराचार्यांना नेमकी हीच अडचण आली होती. ग्रहाचा वेग सतत बदलतो, तेव्हा कालचं आणि आजचं स्थान घेऊन काढलेली गती दिवसभराची सरासरी देते, एखाद्या नेमक्या घटकेची देत नाही. त्यासाठी त्यांनी वेगळी गती मानली आणि तिला तात्कालिक गती म्हटलं. ती काढण्याची रीतही दिली. विमानातली यंत्रणा आज सेकंदाच्या बारीक तुकड्यांतल्या उंच्या घेऊन तेच करते, आणि विमान टेकलं तेव्हा ते सेकंदाला दोन फुटांनी खाली येत होतं की सहा, हे त्यावरून नोंदवलं जातं.